काठी कुठल्या हातात?

लेक दहा दिवसांची रजा संपवून बंगळूरला परतली, त्या दुपारी मी स्वतःपुरता चहा टाकला. गाळला, कपात ओतला, आणि मग लक्षात आलं की हा कप मला खुर्चीपर्यंत नेताच येणार नाही. वॉकर धरला की दोन्ही हात गेले. कप धरला तर पाय गेले. शेवटी ओट्याशीच उभ्याने प्यायले. दुसऱ्या दिवसापासून वॉकरला बाजाराची पिशवी लटकली आणि पिशवीत थर्मास. उजवा खुबा बदललेल्या, एकट्या राहणाऱ्या सदुसष्ट वर्षांच्या बाईचा हा पहिला शोध.

ऑपरेशन दीडेक तासाचं होतं. त्यानंतरचं बांधकाम मात्र कित्येक आठवडे चालतं, तेही आपल्याच घरात, आपल्याच मांडीच्या आत. घरात दुसरं कुणी नसलं की त्याचा विचार करायला वेळच वेळ मिळतो.

माझ्या मांडीच्या हाडात टायटॅनियमची दांडी ठोकून बसवली आहे. तिला स्क्रू नाही, सिमेंट नाही. काही जणांना सिमेंटने बसवतात. माझ्या वेळी डॉक्टर म्हणाले, हाड चांगलं आहे, तेच धरून ठेवेल. 'हाड धरेल' हे मला बोलायची पद्धत वाटली होती. ती शब्दशः खरी निघाली. दांडीचा वरचा भाग मुद्दाम खरबरीत असतो आणि त्यावर दोन-तीन केस शेजारी शेजारी मावतील एवढाली छिद्रं असतात. काही आठवड्यांत जिवंत हाड त्या छिद्रांत शिरतं. एरवी शरीर परक्या वस्तूला वाळीत टाकतं, तिच्याभोवती जाड पापुद्रा धरतं. टायटॅनियमला मात्र ते घरात घेतं. हे कळलं तेही अपघाताने. १९५२ मध्ये स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवून आतला रक्तप्रवाह पाहत होते. प्रयोग संपल्यावर ते महागडं उपकरण काढायला गेले, तर निघेना. हाडाने ते पक्कं धरलं होतं. दातांचे इम्प्लांट निघाले ते याच सशांमुळे.

यात एक अट आहे. दांडी हाडात ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत राहिली, तर छिद्रांत हाड भरण्याऐवजी तंतूंचा मऊ थर भरतो आणि पकड येत नाही. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी हालचाल जास्त! तरीही डॉक्टर दुसऱ्या दिवशी उभं करतात, कारण दांडी मुळातच घट्ट ठोकलेली असते आणि हाड भार पडल्याशिवाय मजबूत होत नाही. झोपून राहिलं की ते विरळ होऊ लागतं. म्हणून चालायचं, पण धसमुसळेपणा नाही. आमच्या घरात हा सल्ला सगळ्याच गोष्टींसाठी दिला जायचा.

आता घरातल्या नियमांकडे. माझा छेद मागच्या बाजूने घेतला होता. तिथलं सांध्याचं आवरण आणि बारके स्नायू कापून पुन्हा शिवलेले. ते भरून येईपर्यंत खुबा काटकोनापेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. तिन्ही एकदम झालं तर खुब्याचा गोळा त्याच्या वाटीच्या मागच्या कडेवरून निसटू शकतो. (पुढून छेद घेतलेल्यांचे नियम वेगळे, आपल्या सर्जनलाच विचारावं.) आपल्याकडे निम्मं आयुष्य जमिनीलगत जातं: मांडी घालणं, उकिडवं बसणं, खालच्या कप्प्यातून कुकर काढणं. मी कुकर ओट्यावर आणला, खुर्चीखाली ठोकळे लावले, कमोडवर उंच बैठक बसवली. खाली पडलेलं काहीही उचलायला जुन्या घरातली सोनचाफ्याची फुलं काढायची आकडी कामी आली. सलवारही तिनेच वर ओढते. आधी ऑपरेशनचा पाय घालायचा, काढताना तो शेवटी. घराची एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे, आणि फोन सतत गळ्यातल्या पिशवीत. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा एकदम धाप लागली तर कुणाची वाट न बघता फोन करायचा, कारण रक्ताची गुठळी होण्याचा धोका याच आठवड्यांत जास्त असतो. बसल्या बसल्या पंजा वर-खाली करत राहायचं तेही त्यासाठीच. पोटरीचा स्नायू आवळला की तो पायातलं रक्त वर ढकलतो.

रात्री गुडघ्यांत उशी घेऊन पडलं की मी त्या वाटीचा विचार करायचे. शाळेत आपण याला उखळीचा सांधा म्हणतो. माझ्या उखळीचं अस्तर प्लॅस्टिकचं आहे, आणि त्यामागे लँकेशायरच्या कापड गिरण्या आहेत. इंग्लंडमध्ये रायटिंग्टनच्या रुग्णालयात जॉन चार्नली यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या होत्या. त्या काही वर्षांतच झिजल्या, आणि झिजलेल्या कणांनी आजूबाजूचं हाड पोखरलं. मग १९६२ मध्ये गिरण्यांना प्लॅस्टिकची दातेरी चाकं पुरवणारा एक विक्रेता पॉलिएथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून बघितलं आणि तो नापास केला. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन मात्र हट्टी. साहेबांचं न ऐकता त्याने तो तुकडा घासण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र चाललं, आणि तेवढ्यात झीज झाली ती टेफ्लॉनच्या एका दिवसापेक्षाही कमी. चार्नलींनी दोन्ही प्लॅस्टिकची पूड स्वतःच्याच मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला गाठी लागत होत्या, पॉलिएथिलीनच्या जागी काही नाही. १९६२ च्याच नोव्हेंबरात पहिली नवी वाटी बसली. चालतं-फिरतं माणूस एका पायाने वर्षाला दहा लाखांच्या घरात पावलं टाकतं. माझ्या वाटीचं प्लॅस्टिक चार्नलींच्या प्लॅस्टिकहून बरंच सुधारलेलं आहे, पण घराणं तेच.

चार आठवड्यांनी वॉकर गेला आणि काठी आली. मी ती अर्थातच उजव्या हातात धरली. ऑपरेशन उजवीकडे तर आधारही उजवीकडे, यात विचारायचं काय? व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी दारातच थबकली.

"काकू, काठी डाव्या हातात."

"अगं, पण दुखरा पाय तर उजवा आहे."

"म्हणूनच."

मग तिने वर्तमानपत्राच्या कडेवर तराजू काढला. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. तेव्हा खुब्याचा गोळा म्हणजे तराजूच्या दांडीचा टेकू. त्याच्या आतल्या बाजूला तो पाय सोडून बाकीच्या अंगाचं वजन, बाहेरच्या बाजूला कुल्ल्याच्या कडेचा पंख्यासारखा स्नायू. वजन टेकूपासून जेवढं लांब, त्याच्या निम्म्या अंतरावर हा स्नायू. म्हणजे कंबर आडवी ठेवायला त्याला वजनाच्या जवळपास दुप्पट जोराने ओढावं लागतं, आणि टेकूला सोसावा लागतो दोघांचा भार. साठ किलोची बाई घरात सावकाश चालते तेव्हा तिच्या एका खुब्यावर दीडशे किलोंच्या आसपास भार असतो!

काठी डाव्या हातात घेतली की ती टेकूपासून खूप लांब जाते. दार उघडताना आपण बिजागरीपाशी ढकलत नाही, कडेला ढकलतो, आणि बोटानेही भागतं, तसंच हे. डाव्या हाताच्या थोड्याशा रेट्याने उजव्या स्नायूची ओढ पुष्कळ कमी होते, आणि स्नायूने ओढ सोडली की सांध्यावरचा भार उतरतो. उजव्या हातात धरली तर अंग काठीवर कलतं आणि हा फायदा जवळजवळ सगळा वाया जातो. वॉल्टर ब्लाउंट नावाच्या अमेरिकन सर्जनने १९५६ मध्ये याच विषयावर लेख लिहिला होता. त्याचं नावच 'काठी टाकून देऊ नका' अशा अर्थाचं आहे.

हे आकडे नुसते कागदावरचे नाहीत. बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान यांच्या गटाने काही रुग्णांना जे खुबे बसवले, त्या खुब्यांच्या पोटातच मोजमापाची साधनं आणि बारीक ट्रान्समीटर होता. माणूस चालू लागला की खुबा आतून भार कळवायचा. एकदा एक रुग्ण अडखळला. पडला नाही, नुसता अडखळला. त्या क्षणी खुब्याने कळवलेला भार वजनाच्या सातपटींहून जास्त होता. हे ऐकलं त्या संध्याकाळी मी वहिनींना बोलावून घरातली पाचही पायपुसणी माळ्यावर टाकायला लावली. बाथरूमपर्यंत रात्रभर दिवा जळतो, तो जळू दे.

एक गोष्ट मात्र मला तराजूनेही पटेना. उजवा पाय लांब झालाय, अशी माझी खात्री होती. त्या मुलीने टेप लावून मोजला, दोन्ही सारखे. वर्षानुवर्षं झिजलेल्या सांध्याबरोबर माझी कंबर वाकडी झाली होती, स्नायू आखडले होते, आणि डोक्याने त्या वाकडेपणालाच सरळ ठरवून टाकलं होतं. आता पाय सरळ झाला आणि डोकं तक्रार करतंय. बहुतेकांची ही तक्रार काही महिन्यांत विरते, माझी तिसऱ्या महिन्यात विरली.

काठी अजून आहे, डाव्या हातात. रस्त्यात कुणी दुखऱ्या बाजूलाच काठी धरून लंगडताना दिसलं तर जरा थांबवा आणि हात बदलायला सांगा. "पण दुखरा पाय तर इकडे आहे," असं ते म्हणणारच.