विश्लेषण : लंडनचा पंप, यवतमाळचा पंप… आरोग्याचा अभ्यास गावात जाऊनच का करावा लागतो?

सार्वजनिक आरोग्य शिकणारे विद्यार्थी लंडनला गेले की सोहो भागातील एक हातपंप आवर्जून पाहतात. यवतमाळ जिल्ह्यात असे स्मारक नाही. मात्र २०१७ मध्ये पाठीवरच्या फवारणी पंपाने येथे दिलेला धडा तितकाच मोठा आहे. बाहेरून एका दिवसासाठी येणारा विद्यार्थी या जिल्ह्यात काय पाहू शकतो आणि त्यातून गावाला काय मिळायला हवे, याचा हा आढावा.

लंडनच्या पंपाचे महत्त्व काय?

१८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहोत कॉलऱ्याची साथ आली. त्यात सहाशेहून अधिक लोक दगावले. हा रोग दूषित हवेतून पसरतो, असा तेव्हाचा समज होता. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरच्यांना पाणी कुठून भरता, असे विचारले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवती असल्याचे त्यांनी दाखवले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. तोवर साथ ओसरू लागली होती. तरीही कोण, कुठे आणि केव्हा आजारी पडले, हे दारोदार जाऊन विचारण्याची पद्धत त्यानंतर रुजली. आज तेथे पंपाची प्रतिकृती उभी आहे.

यवतमाळमध्ये काय घडले होते?

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबरदरम्यान कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने रुग्णालयात येऊ लागले. जिल्ह्यात आठशेहून अधिक जणांना विषबाधा झाली आणि किमान २० जणांचा मृत्यू झाला. ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके श्वासातून किंवा त्वचेतून शरीरात जातात आणि नसांच्या कामासाठी लागणारे कोलिनेस्टरेज हे विकर रोखतात. मग घाम आणि लाळ वाढते, दिसणे अंधूक होते, श्वास अडखळतो.

राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. पुढे हे प्रकरण परदेशातही पोहोचले. २०२० मध्ये यवतमाळमधील ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमध्ये एका कीटकनाशक कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. कंपनीने आरोप फेटाळले.

केसपेपरवर काय दिसत नाही?

रुग्णालयाच्या कागदावर ‘विषबाधा’ एवढाच शब्द असतो. तो माणूस आजारी का पडला, याचे उत्तर शिवारात मिळते. त्या वर्षी कपाशी उंच आणि दाट वाढली होती. त्यामुळे फवारा पायांऐवजी छाती-तोंडाच्या पातळीवर येत होता. अळीचा प्रादुर्भाव होता, म्हणून दोन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती. दमट उकाड्यात मास्क, हातमोजे घालून काम करणे बहुतेकांना जमत नव्हते.

म्हणून शिवारात गेलेल्या विद्यार्थ्याचे प्रश्न वेगळे असतात. औषध कोणते घ्यायचे हे कोण सांगते? डब्यावरची बारीक अक्षरे वाचता येतात का? मजुरी दिवसावर ठरते की किती पंप मारले त्यावर? फवारणीनंतर अंघोळीला पाणी मिळते का? यांची उत्तरे वेळेत गोळा झाली, तर पहिल्या काही रुग्णांनंतरच धोक्याची सूचना देता येते.

क्षेत्रभेटीचा दिवस कसा असतो?

सुरुवात आशा सेविकेपासून होते. कोणत्या घरात गरोदर महिला आहे, कोण कामासाठी बाहेरगावी गेले, हे तिला तोंडपाठ असते. हंगामात लोक सकाळीच शेतात जातात. त्यामुळे घरभेट भल्या सकाळी किंवा दिवेलागणीला करावी लागते. भाषाही एक नाही. बंजारा तांड्यावर गोरमाटी, कोलाम पोडावर कोलामी आणि इतरत्र वऱ्हाडी कानावर पडते. पुस्तकी मराठीतली प्रश्नावली अनेकदा तिथेच अडते.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाने गाव दत्तक घेऊन शिकवण्याची परंपरा जपली आहे. आता देशभरातील एमबीबीएस अभ्यासक्रमातही कुटुंब दत्तक कार्यक्रम आला आहे.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी नियम काय?

गाव पाहणे आणि गावावर संशोधन करणे यात फरक आहे. संशोधनासाठी नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तीची समजून-उमजून दिलेली संमती लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी आहेत. परदेशी संस्थेच्या सहकार्याने होणाऱ्या आरोग्य संशोधनाला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगीही लागते.

मग पर्यटनाचे काय?

नागपूरच्या वाटेवर कळंब येथे चिंतामणीचे मंदिर आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली असून पायऱ्या उतरून दर्शन घ्यावे लागते. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य वाघांसाठी ओळखले जाते. येथील एक तरुण वाघ २०१९ मध्ये बाहेर पडला आणि सुमारे ३,००० किलोमीटर भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला.

पर्यटकासाठी वाघ दिसणे ही पर्वणी, तर जंगलालगतच्या शेतकऱ्यासाठी तोच वाघ ही चिंता. राळेगाव-पांढरकवडा परिसरात १३ जणांच्या मृत्यूला एक वाघीण कारणीभूत मानली गेली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला ठार करण्यात आले. शेतावर कधी जायचे, जागलीला कोण थांबणार, हे अशा भीतीवर ठरते. तोही आरोग्याचाच प्रश्न आहे. मात्र जंगलाचे फोटो काढावेत, तसे आजारी माणसाच्या घराचे काढू नयेत.

गावाला काय मिळायला हवे?

गोळा केलेली माहिती अहवालात बंद न राहता गावात परत यायला हवी. ग्रामसभेत किंवा पारावर बसून पुढील गोष्टी सांगता येतील :

– डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा.

– वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. मनाने औषधे एकत्र करू नका.

– औषध अंगावर सांडल्यास कपडे लगेच काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने धुवत राहा.

– त्रास जाणवताच १०८ वर फोन करा. उलटी करवू नका. औषधाचा डबा किंवा लेबल रुग्णालयात सोबत न्या, म्हणजे डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

लंडनमध्ये साथीनंतर पंपाचा दांडा काढता आला. यवतमाळमध्ये दर पावसाळ्यात हजारो पंप पुन्हा पाठीवर चढतात. त्यामुळे येथे विचारपूसही दर हंगामात, पहिली फवारणी सुरू होण्याआधीच व्हायला हवी.