आधी समुद्र, मग देव: इसेचे दोन दिवस

गेल्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना जपानी नावं कानावरून निसटून जातात, म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं की नीट लिहून टाका, स्क्रीनशॉट काढून ठेवता येतो. तर घ्या.

विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून निघाला. तो नागोयात नोकरीला आहे. आई आणि मावशी सांगलीहून पहिल्यांदाच जपानला येताहेत. त्याने लिहिलं होतं, "ताई, टोकियो-क्योटो ठरलंय. मध्ये दोन दिवस रिकामे आहेत. आईला जपानमधलं सगळ्यात मोठं देवस्थान बघायचंय, मावशीला समुद्र हवाय. एकच काय ते निवडू का? आणि आईचे गुडघे दुखतात."

निवडायची गरज नाही. नागोयाहून दीड तासावर इसे आहे, मिए प्रांतात. जपानमधलं सर्वांत मानाचं शिंतो देवस्थान तिथे, आणि समुद्र तिथून पुढे दोन स्टेशनांवर. पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळं नियोजन तिच्यावर ठरतं. बहुतेक प्रवासी इसेला देवळाचा दिवस आणि समुद्राचा दिवस असे दोन तुकडे करतात. आधी देऊळ, मग वेळ उरला तर किनारा. जुने यात्रेकरू नेमकं उलटं करायचे. ते आधी फुतामीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्राच्या पाण्याने स्वतःला शुद्ध करायचे, आणि मगच देवाकडे वळायचे. चंद्रभागेत पाय बुडवल्याशिवाय विठोबाकडे न जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

तर देवस्थान काय आहे ते पाहू. त्याचं अधिकृत नाव नुसतं 'जिंगू'. लोक इसे जिंगू म्हणतात. हे एक देऊळ नाही, लहानमोठी मिळून १२५ देवळं आहेत. त्यातली मुख्य दोन. 'नाइकू', म्हणजे आतलं देऊळ, तिथे सूर्यदेवता आमातेरासु. आणि 'गेकू', म्हणजे बाहेरचं, तिथे तोयोउके, अन्नाची देवता. रिवाज असा की आधी गेकू, मग नाइकू. दोन्हींमध्ये चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे, बस सतत असतात.

मला स्वतःला गेकूची गोष्ट जास्त आवडते, आणि गंमत म्हणजे वेळ कमी पडला की लोक नेमकं तेच गाळतात. परंपरा सांगते की सुमारे १,५०० वर्षांपूर्वी आमातेरासुच्या जेवणाची व्यवस्था बघायला तोयोउकेला इथे आणलं. तेव्हापासून रोज सकाळी आणि संध्याकाळी गेकूमध्ये नैवेद्य होतो. भात, मीठ, पाणी, साके, मासे, समुद्रातलं शेवाळ, भाज्या, फळं. त्यासाठीचा अग्नी लाकडावर लाकूड घुसळून पेटवतात. आपल्याकडे यज्ञात अरणीमंथन करतात ना, तसंच. मावशीला हे सांगा, ती आधी गेकूच बघायचं म्हणेल.

आता या ताटात समुद्र किती आहे बघा. नैवेद्याचं मीठ विकतचं नसतं. फुतामीत देवस्थानाचं स्वतःचं मिठागर आहे, इसुझू नदीच्या मुखाजवळ. उन्हाळ्यात तिथे पाणी आटवतात, मग फुतामीतल्याच 'मिशिओदेन' या छोट्या देवळात ते मीठ तिकोनी साच्यात भरून, भाजून घट्ट करतात. तोबाजवळच्या कुझाकी गावातून अबलोन येतो. अबलोन म्हणजे एकाच शिंपल्याचा मोठा समुद्री जीव; तो पट्ट्या कापून वाळवून देवाला पाठवायचा, ही त्या गावाची शतकानुशतकांची सेवा. आणि जी इसुझू नदी नाइकूच्या दारातून वाहते, तीच पुढे फुतामीला समुद्राला मिळते. त्यामुळे किनारा बघणं म्हणजे देवळाचं स्वयंपाकघर बघणं आहे, असं मी म्हणते.

*पहिला दिवस: फुतामी*

नागोयाहून दोन रेल्वे जातात. जेआरची 'मिए' नावाची जलद गाडी आणि किंतेत्सु कंपनीची एक्सप्रेस. फुतामीला जायचं तर जेआर घ्या, कारण फुतामिनोउरा हे स्टेशन जेआरच्याच मार्गावर आहे. किंतेत्सु तिथे जात नाही. इथे पैशांची एक मेख आहे. जेआर पास असला तरी 'मिए' गाडीचा मधला तुकडा इसे रेल्वे या दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून जातो, त्याचे वेगळे पैसे गाडीतच द्यावे लागतात. किंतेत्सुवर जेआर पास चालतच नाही, आणि तिच्या एक्सप्रेसला साध्या तिकिटावर एक्सप्रेसचं जादा तिकीट लागतं.

दुपारी एकच्या सुमाराला निघा. फुतामिनोउराला उतरून किनाऱ्याकडे पंधरा मिनिटं चालायचं. समुद्राच्या कडेने जुनी राहण्याची ठिकाणं आहेत, मुक्काम तिथेच करा. पुढे खडकांना लागून फुतामी ओकितामा देऊळ आणि समोर पाण्यात ते प्रसिद्ध 'मेओतो इवा', जोडप्याचे खडक. मोठा नऊ मीटर, छोटा चार मीटर, मध्ये जाड पेंढ्याचा दोर बांधलेला. हा दोर वर्षातून तीनदा बदलतात: मे, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये. इन्स्टावरच्या फोटोंत हे खडक डोंगराएवढे दिसतात. प्रत्यक्षात नाहीत. जाऊन "एवढंच?" असं होऊ नये म्हणून आकडे दिले.

हे खडक स्वतः देव नाहीत. खरा पवित्र दगड त्यांच्या पलीकडे, आत समुद्रात पाण्याखाली आहे. दोन खडक म्हणजे त्याची कमान. दोराच्या खालून समुद्राकडे बघून लोक हात जोडतात, ते त्या न दिसणाऱ्या दगडाला आणि उगवत्या सूर्याला. देवळात जागोजागी बेडकांच्या मूर्ती दिसतील. जपानीत बेडूक म्हणजे 'काएरु', आणि 'परत येणे' यालाही 'काएरु'. प्रवासाला गेलेला माणूस सुखरूप घरी परत यावा म्हणून बेडूक. देशाबाहेर राहणाऱ्या मुलाच्या आईला हा बेडूक पटकन आवडतो, हे अनुभवाचे बोल.

सूर्य नेमका दोन खडकांच्या मधून उगवताना बघायचा असेल तर उन्हाळी अयनदिनाच्या आसपास, साधारण मे ते जुलै. मात्र जून म्हणजे जपानचा पावसाळा, ढग असायची शक्यता भरपूर, आणि सूर्योदय पावणेपाचच्याही आधी. केवळ त्या फोटोसाठी जूनची तिकिटं काढू नका. हिवाळ्यात खडकांच्या मधून पौर्णिमेच्या सुमाराचा चंद्र उगवतो, हवा स्वच्छ असते, आणि तो बघायला पहाटे उठावं लागत नाही. मला विचाराल तर नोव्हेंबर किंवा डिसेंबरची सुरुवात.

*दुसरा दिवस: गेकू, मग नाइकू*

सकाळची गाडी धरून दोन स्टेशनं मागे, इसेशी. गाड्या लोकलसारख्या दर चार मिनिटांनी नाहीत, सुटली तर बराच वेळ बसून राहाल, म्हणून वेळा आदल्या रात्रीच बघून ठेवा. बॅगा स्टेशनच्या लॉकरमध्ये टाका. गेकू तिथून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर. रस्ता बराचसा सपाट, उंच झाडी, गर्दी कमी. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी हे देऊळ सोपं. गेकूत डावीकडून चालायचं, नाइकूत उजवीकडून.

नाइकू बस थांब्याला उतरलात की समोर उजी पूल, शंभर मीटरचा लाकडी. पलीकडे खडीचा लांब रस्ता. खडीवर वीसेक मिनिटं आणि शेवटी दगडी पायऱ्या. आईंना सांगा, घाई नाही. वाटेत इसुझूच्या काठावर दगडी घाट आहे, तिथे हात धुवायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे आईला जायच्या *आधी* सांगायचं. तिथे दर्शन होत नाही.

म्हणजे आपल्या अर्थाने होत नाही. मूर्ती नाही. आमातेरासुचं प्रतीक म्हणून एक पवित्र आरसा आहे असं मानतात, पण तो कोणालाही दाखवत नाहीत. मुख्य वास्तूभोवती एकाआत एक अशी लाकडी कुंपणं आहेत. तुम्ही बाहेरच्या कुंपणाच्या दारापर्यंत जाता, समोर पांढरा पडदा, वर गवताने शाकारलेल्या छपराचं टोक. वारा आला तर पडदा जरासा हलतो. बस. दोनदा वाकून नमस्कार, दोन टाळ्या, पुन्हा एकदा नमस्कार, आणि बाजूला व्हायचं. पायऱ्यांच्या वर फोटोही काढायचा नाही. मोबाइल खालीच खिशात टाका.

साडेसहा हजार किलोमीटर उडून आलेल्या माणसाला हे आधी माहीत नसेल तर फार वाईट वाटतं. "एवढं चाललो आणि देव कुठाय?" हा प्रश्न मी तिथे मराठीत ऐकलाय. पण आषाढीला रांग बघून बाहेरूनच कळसाला हात जोडणारे, आणि वारी पावली म्हणणारे लोकही आपलेच आहेत ना. आईला 'कळसाचं दर्शन' असं सांगा, लगेच समजेल.

आणि तिला शेजारची जागा दाखवा. मुख्य देवळाच्या बाजूला तेवढाच एक मोकळा, खडी पसरलेला भूखंड आहे. दर २० वर्षांनी त्या जागेवर सगळं देऊळ नव्याने बांधतात, जसंच्या तसं, हिनोकी नावाच्या लाकडात, आणि देवता समारंभाने नव्या घरात जाते. पहिल्यांदा हे झालं इसवी सन ६९० मध्ये, जितो सम्राज्ञीच्या काळात. मधल्या यादवी युद्धांच्या काळात १२० वर्षांहून जास्त खंड पडला, पण परंपरा पुन्हा उभी राहिली. २०१३ मध्ये ६२वी वेळ झाली, पुढची २०३३ मध्ये. वीस वर्षांत एक पिढी सुतारकाम शिकते आणि पुढच्या पिढीला शिकवते. म्हणून ही इमारत जुनी की नवी, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. जुनं लाकूडही फेकत नाहीत: उजी पुलाच्या दोन टोकांच्या कमानी जुन्या मुख्य देवळांच्या खांबांपासून केलेल्या आहेत. हिवाळी अयनदिनाच्या सुमाराला सूर्य याच पुलाच्या कमानीतून उगवतो. उन्हाळ्यात समुद्रातल्या खडकांमधून, हिवाळ्यात इथून.

नाइकू पहाटे पाचला उघडतं. आठनंतर टूरच्या बस येतात. जानेवारीचे पहिले दिवस पूर्णपणे टाळा, अख्खा जपान तिथे असतो.

*खाणं, आणि वेळ उरला तर*

शाकाहारी मंडळींनी हा भाग दोनदा वाचा. इसेचे प्रसिद्ध जाड, मऊ उदोन दिसायला शाकाहारी, पण त्यावरच्या काळ्या रसात माशाचा अर्क असतो. मुक्कामाच्या ठिकाणी रात्रीचं जेवण म्हणजे मासेच मासे, तेव्हा बुकिंग करतानाच स्पष्ट कळवा, आणि 'मासे नको' एवढंच न लिहिता 'माशाचा अर्कही नको' असं लिहा. सांगलीहून येणारी मेथीची थेपली आणि चटणी बॅगेत असू द्या, त्यात लाज कसली! बिनधास्त खाण्यासारखं म्हणजे 'आकाफुकु': तांदळाच्या मऊ गोळ्यावर लाल चवळीसारख्या अझुकी डाळीचं गोड पुरण. दुकान १७०७ पासूनचं, नाइकूसमोरच्या जुन्या बाजारात. पुरणावरच्या बोटांच्या रेघा म्हणजे इसुझूचं पाणी, आणि आतला पांढरा गोळा म्हणजे नदीतले गोटे.

याच रस्त्यावरून एदो काळात लाखोंनी लोक पायी यायचे. सगळ्यांना परवडायचं नाही, म्हणून गावोगावी मंडळं असायची. सगळे थोडे थोडे पैसे जमवायचे, चिठ्ठी काढायची, ज्याचं नाव येईल तो सगळ्यांच्या वतीने इसेला. थोडक्यात, भिशी! आणि ज्यांना अजिबातच जाता यायचं नाही, त्यांच्यातले काही जण आपला कुत्रा पाठवायचे, गळ्यात पैशांची पुरचुंडी बांधून. वाटेतले लोक त्याला खाऊपिऊ घालून पुढे पाठवायचे. बाजारात कुत्र्याची खेळणी दिसली तर कारण हे.

दुपारी दोनपर्यंत मोकळे झालात आणि पायांत जीव असेल तर तोबा. १८९३ मध्ये मिकिमोतो कोकिचीने इथल्याच समुद्रात शिंपल्यात मोती घडवून दाखवला. त्याच्या नावाच्या बेटावर 'आमा' म्हणजे पाणबुड्या बायकांची प्रात्यक्षिकं बघता येतात. ऑक्सिजनची नळकांडी नाही, एका श्वासात तळ गाठायचा. वर आल्यावर त्या श्वास सोडतात तो शिट्टीसारखा वाजतो. या बायकांमध्ये साठी-सत्तरीच्याही असतात. आई आणि मावशीला घेऊन जात असाल तर माझं मत, मोत्यांच्या दुकानात वेळ घालवण्यापेक्षा इथे बसा.

परतताना तोबाहून किंतेत्सुची थेट एक्सप्रेस नागोयाला. इसेशीच्या लॉकरमध्ये बॅगा असतील तर तिथे उतरायला विसरू नका. जोडून ओसाकाला जाणार असाल तर तीही गाडी इथूनच मिळते. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, तारखा आणि किती जण आहात ते सांगा, म्हणजे नीट उत्तर देता येईल.