लंडनला खोली मिळाली, पुण्याला का मिळत नाही?

लंडनच्या प्रिमरोझ हिल भागात किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे घर आहे. चार मजली, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ३० लाख पौंडांहून अधिक रक्कम मोजून ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. समाजाला अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. परंतु या घरात कोण कोण राहिले आणि कशासाठी राहिले, हे समजून घेतल्याशिवाय त्या अभिमानाला अर्थ नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या घरात १९२१-२२ मध्ये राहिले. मालक म्हणून नव्हे, भाडेकरू विद्यार्थी म्हणून. १९१७ साली अर्धवट सोडावे लागलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेला पैसा, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज एवढ्या शिदोरीवर! इकडे परळच्या चाळीत माता रमाई तुटपुंज्या पैशात संसार ओढत होत्या, तिकडे बाबासाहेब अर्धपोटी अभ्यास करत होते. धनंजय कीर यांनी चरित्रात लंडनमधल्या अपुऱ्या न्याहारीचे आणि रात्री भुकेवर तळलेल्या पापडांचे वर्णन केले आहे. या कष्टांतून १९२१ला एम.एस्सी., १९२२ला ग्रेज इनची बॅरिस्टरी आणि १९२३ला डी.एस्सी. पदरात पडली.

बाबासाहेब गेल्यावर या घराने पुढचे रहिवासी पाहिले. घर खासगी मालकीतच राहिले. भिंतीवर त्यांच्या वास्तव्याची निळी पाटी लागली तरी आत कुणाचा तरी संसार चालूच होता. २०१५ला शासन मालक झाले आणि संसाराच्या जागी ग्रंथ, छायाचित्रे व भेट देणारे लोक आले.

इथे कायद्याचा प्रश्न उभा राहिला. तिकडच्या नगररचना कायद्यानुसार राहत्या घराचे संग्रहालय करायचे तर स्थानिक परिषदेची परवानगी लागते. काही शेजाऱ्यांनी वर्दळीची तक्रार केली. कॅम्डेन परिषदेने २०१८ साली परवानगी नाकारली. कारण दिले, राहण्याची जागा कमी होते. शासनाने अपील केले. सप्टेंबर २०१९ मध्ये सार्वजनिक सुनावणी झाली आणि १२ मार्च २०२० रोजी ब्रिटिश सरकारच्या गृहनिर्माण मंत्र्यांनी अपील मंजूर केले. बाबासाहेबांचे वास्तव्य या वास्तूतच झाले, दुसऱ्या इमारतीला ते महत्त्व आणता येत नाही, ही बाजू अखेर भारी ठरली.

निकालाचे आम्ही स्वागतच करतो. पण वकिली करणारे म्हणून परिषदेचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. घर राहण्यासाठी असते, मग इथे राहणार कोण? हा प्रश्न लंडनला निकाली निघाला. आपल्याकडे तो अजून उभा आहे.

बाबासाहेबांना लंडनला खोली मिळाली. त्याआधी १९१७ साली बडोद्याला मिळाली नव्हती. कोलंबियात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत असलेला हा विद्वान एका पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. हिंदू मित्राने आसरा दिला नाही, ख्रिस्ती मित्रानेही दिला नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. ज्याला राहायला जागा नाही त्याची पदवी कुचकामी ठरते, हे त्यांनी सोसून जाणले होते. म्हणूनच १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा नागसेनवनात वसतिगृहेही उभी राहिली. मराठवाड्याच्या खेड्यांतील आपली पहिली शिकलेली पिढी त्या खोल्यांतून घडली.

आज परंडा, भूम, कळंब, लोहाऱ्याचा पोरगा पुण्याला शिकायला जातो. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग 'खोली कालच गेली' म्हणतो. अशी खोली नाकारणाऱ्यावर कारवाई करायची तर पुरावा कुठून आणायचा? पोराने कॉलेज करायचे की कोर्ट? वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजना चांगली आहे. पण घरमालक भाडे दर महिन्याला मागतो आणि योजनेचा पैसा वर्ष संपता संपता खात्यावर पडतो. मधले महिने बाप सावकाराच्या दारात उभा राहतो.

आपल्या जिल्ह्यालाही बाबासाहेबांचे पाय लागले आहेत. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेसाठी ते आले होते. त्या आठवणीचे स्मारक व्हायलाच हवे. परंतु केवळ पुतळा आणि संगमरवर नको. स्मारकाला लागून अभ्यासिका हवी आणि बाहेरगावच्या मुलामुलींना राहता येतील अशा खोल्या हव्यात.

म्हणून बांधवांनो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीबरोबर तीन मागण्या घेऊन समाजकल्याण कार्यालयात चला. वसतिगृहांच्या प्रवेशयाद्या कॉलेज सुरू होण्याआधी लावा. स्वाधारचा पहिला हप्ता सत्राच्या सुरुवातीलाच द्या. प्रत्येक तालुक्याला मुलींचे पुरेसे वसतिगृह द्या. मागणी लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाका. उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे आणि आम्ही आहोत.

परदेशातले एक घर वाचवण्यासाठी शासनाने वकील उभे केले, सुनावणी लढवली, ती जिंकली. तेवढीच जिद्द या खोल्यांसाठी दाखवायला त्याला भाग पाडणे आपल्या हातात आहे.

जय भीम!