लग्न हे औषध नव्हे

मुलगी पाळीच्या दिवसांत पोट धरून पडून राहू लागली, की मराठी घरांतील वडीलधारी बाई तिच्या आईला एक सल्ला हटकून देते: "लग्न होऊ दे, एक मूल होऊ दे, मग सगळे आपोआप सुरळीत होईल." हा सल्ला केवळ आजीबाईच्या बटव्यातला असता, तर त्याविषयी येथे लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. पण तो पदवीधर डॉक्टरांनीही दिलेला आहे आणि एके काळी त्यास शास्त्राचा आधार आहे अशीच समजूत होती. बॉस्टनचे नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ जो व्हिन्सेंट मेग्ज यांनी १९४० च्या दशकात एंडोमेट्रिओसिस या विकाराविषयी लिहिताना लवकर विवाह आणि लवकर अपत्य यांचाच पुरस्कार केला. पुढे कित्येक वर्षे हा विकार शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, उशिरा लग्न करणाऱ्या स्त्रियांचा म्हणून ओळखला गेला. जणू तो शिक्षणाचाच दंड होता. ज्या विकाराने गर्भधारणेलाच अडथळा येतो, त्याच विकारावर गर्भधारणा हे औषध म्हणून लिहून दिले जात होते, हा त्यातील खरा विपर्यास. पाय मोडलेल्या माणसाला रोज दोन मैल चालावयास सांगण्यापैकीच हे होय.

मानवी पुनरुत्पादनाचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञसंस्थेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या समजुतीला स्पष्ट शब्दांत निरोप दिला आहे. केवळ हा विकार बरा व्हावा म्हणून कोणत्याही स्त्रीस गर्भवती होण्याचा सल्ला देऊ नये, कारण गरोदरपणाने त्रास कमी होतोच असे नाही, असे त्या सूचना सांगतात. आपल्याकडे मात्र हा निरोप अद्याप पोहोचावयाचा आहे.

विकार आहे तरी काय? गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी ऊती गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे अंडाशयावर, गर्भनलिकांभोवती, आतड्यावर, मूत्राशयावर वाढू लागते. दर महिन्याला शरीरातील संप्रेरकांच्या इशाऱ्याने अस्तर जसे फुगते आणि झडते, तसेच याही ऊतीचे होते. पण तिथल्या रक्ताला बाहेर जावयास वाट नसते. त्यातून दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात, आणि अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ तयार होते. त्या रक्ताचा रंग चॉकलेटसारखा गडद, म्हणून डॉक्टर तिला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. रोगाच्या इतिहासात एवढे गोड नाव दुसरे सापडणार नाही. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन यांनी १९२१ मध्ये या गाठींचे वर्णन केले आणि पाळीचे रक्त गर्भनलिकांतून उलटे पोटात उतरते, हे १९२७ मध्ये त्याचे कारण म्हणून मांडले. पुढे असे दिसून आले, की असे उलटे वाहणे बहुसंख्य स्त्रियांत होतच असते. मग विकार काहींनाच का जडतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगातील १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा विकार आहे. दहा मुलींच्या बाकावर एक, असा याचा अर्थ.

आणि तरीही निदान व्हावयास वर्षेच्या वर्षे जातात. याचे कारण शास्त्रात थोडे आणि घरात अधिक आहे. ज्या समाजाने पाळीला 'विटाळ' म्हटले, 'कावळा शिवला' म्हणून बाईस कोपऱ्यात बसविले, त्या समाजाने त्या कोपऱ्यातील कण्हणे ऐकण्याचे शिकावे कसे? रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्याची वाट मराठीत पाडली. त्यासाठी खटलेही सोसले. त्या वाटेवर आपण पुढे फारसे चाललो नाही. आजही सोसणे हा स्त्रीचा गुण आणि न सोसणे हा नखरा मानला जातो. पाळीत थोडे दुखणे स्वाभाविक आहे, हे खरे. परंतु जे दुखणे शाळा बुडवावयास लावते, गोळी घेऊनही अंथरुणातून उठू देत नाही आणि वर्षागणिक वाढत जाते, ते स्वाभाविक नव्हे. याची पहिली नोंद वास्तविक डॉक्टरच्या कागदावर नव्हे, तर शिक्षकाच्या हजेरीपटावर होत असते. दर महिन्याला त्याच सुमारास दोन दिवस गैरहजर असणारी मुलगी प्रत्येक वर्गात सापडेल. तिच्या आईला एकदा बोलावून घेणे हे वर्गशिक्षिकेच्या अधिकारातले काम आहे.

ही मुलगी पुढे मोठी होते, तिचे लग्न होते, आणि मग मूल होत नाही म्हणून जी फरफट सुरू होते, ती कशी असते हे समजण्यासाठी एक फाइल कल्पनेने उघडून पाहू. ती कोणा एकीची नव्हे. पण सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तासन्‌तास बाकावर बसलेल्या कितीकींना ती आपलीच वाटेल. बाई शिक्षिका, वय ३३. बाराव्या वर्षी अपेंडिक्स फुटले, पोट उघडावे लागले. पंधराव्या वर्षापासून पाळीत असह्य वेदना. सव्विसाव्या वर्षी सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात गाठ दिसली, ती दुर्बिणीतून काढली. दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना गर्भाशयाच्या क्षयाची शंका आली. सहा महिने क्षयाची औषधे झाली. मध्यंतरी थायरॉइडचा दोष निघाला. एकतिसाव्या वर्षी पुन्हा गाठ, या वेळी उजवीकडे. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या वाट्याचा तुकडा पाहिला. सगळी बाई कोणीच पाहिली नाही.

आता या फाइलीत मूल न होण्याचे कारण कोणते? फुटलेल्या अपेंडिक्सनंतर पोटात अवयव चिकटतात आणि त्यात उजवी गर्भनलिका सापडू शकते. क्षयाचे जंतू तर गर्भनलिकांनाच मुख्यतः धरतात, आणि आपल्या देशात वंध्यत्वाच्या कारणांत क्षयाला मोठे स्थान आहे. एंडोमेट्रिओसिसनेही नेमके हेच होते. सोनोग्राफीत दोन्हींची गाठ कधी कधी सारखीच दिसते. 'सीए-१२५' नावाची रक्तातील जी तपासणी सर्रास केली जाते, तिचा आकडा दोन्हींत वाढलेला असू शकतो. म्हणून एकीचा उपचार दुसऱ्या रोगासाठी झाला, असे घडणे मुळीच अशक्य नाही. याचा उलगडा करणारा सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सव्विसाव्या वर्षी काढलेल्या गाठीचा सूक्ष्मदर्शकाखालचा तपासणी अहवाल, आणि शस्त्रक्रियेत डॉक्टरांना आत काय दिसले त्याची टिपणी. नेमका तोच फाइलीत नसतो. 'गाठ काढली' एवढेच दोन शब्द असतात. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवावयाचे असतात आणि मागणी केल्यास ७२ तासांत द्यावयाचे असतात. कचेरीत काम करणाऱ्या वाचकांस कागदाचे मोल सांगण्याची गरज नाही. भविष्यनिर्वाह निधीची पावती जपणाऱ्या घरात शस्त्रक्रियेचा कागद मात्र दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातो.

गाठ दिसली की काढून टाकावी, हे सामान्य माणसाला सरळ वाटते. येथेच खरी गुंतागुंत आहे. स्त्री जन्माला येते तीच आपल्या आयुष्यभराच्या बीजांचा साठा घेऊन. त्यात पुढे भर पडत नाही, तो फक्त घटतो, आणि पस्तिशीनंतर अधिक वेगाने. चॉकलेट सिस्टचे आवरण सोलून काढताना त्यासोबत अंडाशयाचा निरोगी भागही थोडाफार जातो. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली, की उरलेला साठा आणखी कमी होतो. म्हणूनच टेस्ट ट्यूब पद्धतीच्या उपचाराआधी केवळ यश वाढावे म्हणून अशी गाठ सरसकट काढू नये, असा आजचा सल्ला आहे. याचा अर्थ शस्त्रक्रिया व्यर्थ असा नव्हे. कॅनडात झालेल्या आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सौम्य विकार असलेल्या ३४१ स्त्रियांपैकी काहींची शस्त्रक्रिया केली गेली, काहींची केवळ दुर्बिणीने तपासणी; ३६ आठवड्यांत गर्भधारणेचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ३१ टक्के तर दुसऱ्यात सुमारे १८ टक्के आढळले. म्हणजे कोणाची शस्त्रक्रिया, कोणत्या वयात, कशासाठी, यावर सारे अवलंबून आहे. सव्विसाव्या वर्षी त्या शिक्षिकेला शस्त्रक्रियेपूर्वी "तुम्हाला पुढे मूल हवे आहे का, आणि केव्हा?" हा प्रश्न विचारला गेला होता काय? बहुधा तो तिच्या सासूबाईंना विचारला गेला असेल.

दुसरी कोंडी औषधांची. या विकाराची वेदना दाबणारी बहुतेक संप्रेरके बीज तयार होण्याची क्रियाच थांबवितात. ती चालू असताना दिवस जाणे शक्य नसते, आणि ती थांबविल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते असेही नाही. मूल हवे असेल तर औषध सोडावे लागते. औषध सोडले की वेदना परत येते. त्यातून या विकारात पुष्कळ स्त्रियांना पतिपत्नीसंबंधच वेदनादायक होतो. हे त्या आईला सांगत नाहीत, नवऱ्याला सांगत नाहीत, आणि डॉक्टर विचारीत नाहीत. निरोगी जोडप्यास एखाद्या महिन्यात दिवस जाण्याची शक्यता शंभरात पंधरा ते वीस, तर या विकारात ती दोन ते दहापर्यंत उतरते. हे बारा-पंधरा महिने कॅलेंडरवर खुणा करीत, दुखणे सोसत, आणि प्रत्येक हळदीकुंकवाला "काय ग, काही गोड बातमी?" या प्रश्नाला हसून उत्तर देत काढावयाचे असतात. विकार सौम्य असता अनेकींना कोणत्याही उपचाराविना मूल होते, हेही येथे सांगितलेच पाहिजे. पण ज्यांना हा विकार असल्याचे ठाऊक आहे, त्यांनी वर्षभर वाट पाहण्याचा सर्वसाधारण नियम पाळण्यात अर्थ नाही. पस्तिशी ओलांडलेल्यांनी तर सहा महिन्यांच्या आतच तज्ज्ञ गाठावा.

आणि नवऱ्याची तपासणी? ती सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी, आणि आपल्याकडे सर्वांत शेवटची. बाईच्या पोटात दोनदा दुर्बीण घालून झाल्यावर वीर्यतपासणीचा कागद येतो, ही गोष्ट वैद्यकाची नसून पुरुषी अहंकाराची आहे.

शेवटी प्रश्न पैशाचा येतो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षाचा जन्म झाला, तेव्हा ते काम महापालिकेच्या रुग्णालयाने आणि परळच्याच सरकारी संशोधन संस्थेने मिळून केले होते. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी हेच साधले होते. सरकारी समितीच्या अविश्वासाने खचून त्यांनी १९८१ मध्ये आत्महत्या केली, ही आपल्या विज्ञानाच्या इतिहासातील लाजिरवाणी गोष्ट. म्हणजे भारतातील या विद्येचा मुंबईतील पाया सार्वजनिक पैशातून घातला गेला. इमारत मात्र बहुतांशी खासगी झाली. २०२१ च्या कायद्याने या केंद्रांना नोंदणी आणि नियम लागू झाले, हे योग्यच. पण कायद्याने दर कमी झालेले नाहीत. बहुतेक आरोग्यविम्यांतून वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. आयुष्मान भारत योजनेतही ते नाहीत. एका फेरीत यश न मिळण्याचाच संभव अधिक, म्हणून शिक्षिका असो वा लिपिक, पतपेढीचे कर्ज, मग दागिने, मग निवृत्तीची पुंजी असा क्रम ठरलेला. गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये हा उपचार विनामूल्य सुरू झाला. गोव्याएवढ्या चिमुकल्या राज्यास जे सुचले, ते ज्या राज्यात हर्षा जन्मली त्याने जिल्ह्या-जिल्ह्यांत करून दाखवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

गरिबाच्या बाबतीत तर निदानाचाही खर्च वाचविला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या 'पिशव्या' तरुण वयातच काढल्या जात असल्याचे उजेडात आले आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पोटात दुखते, अंगावरून जाते, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या त्या बायकांपैकी कितीजणींना एंडोमेट्रिओसिस होता, हे आता कळण्याचा मार्ग नाही. शिवाय गर्भाशय काढल्याने हा विकार जातोच असेही नाही. तो गर्भाशयाबाहेरच असतो.

बिहारने १९९२ पासून आपल्या महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली आहे. तेवढ्यानेही हा विकार बरा होत नाही. पण केसपेपरवर शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना आधीच आहे. त्याच्याशेजारी 'पाळीत काम बंद पडण्याइतके दुखते का?' एवढा एक रकाना छापून घेण्यास पैसाही लागत नाही आणि विधिमंडळाची संमतीही लागत नाही. तो रकाना भरणारी परिचारिका पंधराव्या वर्षीच त्या मुलीस भेटली, तर तेहतिसाव्या वर्षीची फाइल निदान निम्म्या जाडीची होईल.