शस्त्रक्रियेनंतरचं वैद्यक

आमच्या शाखेचा इतिहास सांगताना बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धापासून सुरुवात करतात. न्यूयॉर्कचे डॉ. हॉवर्ड रस्क, इंग्लंडमधलं स्टोक मँडेव्हिल, रणांगणावरून परतलेले जायबंदी सैनिक. परिषदांमध्ये वर्षानुवर्षं हाच क्रम ऐकवला जातो. आपल्यापुरता तो मला मान्य नाही आणि कधीच नव्हता. आपल्याकडे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, आमच्या बोलण्यातलं पीएमआर, रुजलं ते पोलिओमुळे. मुंबईत त्यासाठी पदर खोचून उभ्या राहिलेल्या दोघी जणी तर डॉक्टरही नव्हत्या.

फातिमा इस्माईल स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या. मुलीला पोलिओ झाला आणि ताप उतरल्यावर लुळ्या पायांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न त्यांच्या घरातच येऊन बसला. १९४७ मध्ये त्यांनी पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. हाजी अलीजवळचं एसआरसीसी ते हेच. पुढे त्यांना पद्मश्री मिळाली, १९७८ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. पण माझ्या लेखी त्यांचं मोठेपण वेगळं आहे. आजार थांबला म्हणजे उपचार संपला, असं मानणाऱ्या डॉक्टरांना एका आईने दुसरं काम दाखवून दिलं.

दुसऱ्या कमलाताई निंबकर. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. १९५० मध्ये केईएम रुग्णालयात त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं आणि १९५२ मध्ये त्या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी केली. फलटणचं कमला निंबकर बालभवन मराठी वाचकांना ठाऊक असतं. ज्यांचं नाव त्या शाळेला आहे त्यांनी लुळ्या हातांना पुन्हा घास उचलायला, बटण लावायला शिकवणारं शास्त्र या देशात आणलं, हे मात्र शिकल्यासवरल्या माणसांनाही सांगावं लागतं. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने हाजी अलीलाच ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन उभं राहिलं. महालक्ष्मीकडून हाजी अलीकडे जाताना ही इमारत रोज हजारो लोक पाहतात. आत काय चालतं ते विचारलं, तर ‘कृत्रिम पाय देतात’ यापलीकडे उत्तर येत नाही.

पुण्याची परंपरा निराळी, लष्करी. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी १९१७ मध्ये निघालेली आणि पुढे खडकीला आलेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९४४ चं आर्टिफिशियल लिंब सेंटर, १९७४ चं खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ मध्ये त्यांनी हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करत सुवर्णपदक मिळवलं. २०२४ च्या चित्रपटामुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं, याचा आनंद आहे. पण अशा कथांमधून लोक फक्त जिद्द घेऊन जातात. जिद्दीला शरीर लागतं. ते शरीर महिनोन्महिने कुणीतरी सांभाळलेलं असतं. सांभाळणाऱ्यांवर चित्रपट निघत नाहीत.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचं नाव घेतल्याशिवाय मी पुढे जाऊ शकत नाही. १९५४ च्या मोटार अपघातात कमरेखालचं शरीर गेलं. त्यानंतर चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, रस्क यांच्याकडे शिकून आल्या आणि वेल्लोरला पीएमआरचा विभाग घडवला. तिथलं निवासी पुनर्वसन केंद्र १९६६ चं. आमच्या पिढीने शाखा निवडताना डोळ्यांपुढे ठेवलेलं माणूस कोण, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तेच.

जयपूर फूटबद्दल सर्वांना माहीत आहे, तेव्हा थोडक्यात. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसाचा विचार करून तो पाय घडवला. मला फक्त एवढंच जोडायचं आहे, की पाय मिळण्याच्या कितीतरी आधी काम सुरू होतं. गुडघ्याखाली पाय कापला की घरचे मायेने उरलेल्या भागाखाली उशी देतात. काही आठवड्यांत गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग कितीही उत्तम कृत्रिम पाय आणा, तो धड बसत नाही. शेकाची यंत्रं, मेणाचे डबे, शॉर्टवेव्ह वगैरेंकडे मी वळत नाही. आमची शाखा म्हणजे शेक-मालिश, हा समज त्यांच्यामुळेच पसरला.

आता माझ्या विषयाकडे येते. ज्यांनी माझी भाषणं ऐकली आहेत त्यांना कल्पना असेलच: मज्जारज्जूची दुखापत, आणि तीत मूत्राशय.

कोकणात आंब्याच्या हंगामात झाडावरून पडणारे, गोव्यात माडावरून पडणारे पाडेली, कठडा नसलेल्या विहिरीत किंवा गच्चीवरून कोसळणारे, दुचाकीचे अपघात, दहीहंडीच्या थरांवरून खाली आलेले गोविंदा. पडलेल्याला चौघे जण हातापायांना धरून उचलतात आणि रिक्षात दुमडून घालतात. मोडलेल्या मणक्यातून वाचलेला मज्जारज्जू अनेकदा त्या उचलाउचलीत जातो. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, अंग एकसंध वळवून, फळीवर घ्यायचं, एवढं प्रत्येक गोविंदा पथकाने शिकायला हवं. विम्याची चर्चा दरवर्षी होते, फळीची होत नाही.

१९४० च्या आधी कमरेखाली लुळा पडलेला माणूस फार काळ जगेल, अशी अपेक्षाच कुणी धरत नसे. मारायचे ते शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. जर्मनीतून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिलला विभाग सुरू केला, तेव्हा त्यांचा पहिला हुकूम होता दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा. रात्रीसुद्धा. १९४८ मध्ये, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. तिच्यातून पुढे पॅरालिंपिक जन्मलं, हे सगळे सांगतात. पण ते धनुर्धारी खुर्चीत बसू शकले, कारण त्यांच्या कमरेवर जखमा नव्हत्या.

मूत्राशयाची गोष्ट याहून रुक्ष वाटेल, तरी ती मी सविस्तर सांगणार. मज्जारज्जू तुटला की मूत्राशय भरल्याची जाणीव जाते आणि ते आपोआप नीट रिकामं होत नाही. सोपा उपाय म्हणजे कायमची नळी आणि लटकती पिशवी. त्या नळीमागून संसर्ग येतो, खडे येतात, कधी मूत्रमार्गाला भोक पडतं, आणि शेवटी मूत्रपिंडं निकामी होतात. १९७२ मध्ये मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडस यांनी मांडलं, की रुग्णाने स्वतः दर चार ते सहा तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करावं आणि नळी काढून ठेवावी. ती निर्जंतुकच हवी असं नाही, स्वच्छ असली तरी चालेल. मूत्राशय ताणलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि मग जंतूंचं फावतं. म्हणून वेळेवर रिकामं करणं हेच खरं संरक्षण. शल्यविशारदांनी या म्हणण्यावर नाकं मुरडली. आमच्याकडेही मुरडली. ‘खेड्यातला माणूस हे करूच शकणार नाही’, हे वाक्य मी सभांमधून, विभागप्रमुखांच्या खोल्यांमधून इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर वाद घालणंच माझं काम होऊन बसलं.

सिंधुदुर्गातला एक तरुण आठवतो. आंब्याच्या कलमावरून पडलेला. आई पहिल्या दिवशी एवढंच विचारत राहिली, “डॉक्टरांनू, झील माझो परत चलतलो मां?” त्या प्रश्नाला खोटं उत्तर द्यायचं नाही, हा आमच्या वॉर्डचा नियम होता. सिस्टरने त्याला पलंगावर टेकवून बसवलं, साबणाने हात धुवायला लावले आणि रबरी नळी हातात दिली. पहिल्यांदा शरमेने त्याचे कान लाल झाले. आईने शाळेच्या वहीत पट्टीने रकाने आखले: वेळ, प्यायलेलं पाणी, निघालेली लघवी. मोजायला वॉर्डच्या मावशींनी खुणांचा मग दिला. एका वेळी पाचशे मिलिलिटरच्या वर आकडा गेला की आईच त्याला रागे भरायची आणि पाण्याच्या वेळा बदलायची. तपासणीला आला की तो आधी वही पुढे करायचा. त्याची मूत्रपिंडं शेवटच्या तपासणीपर्यंत ठणठणीत होती. तो चालला नाही. गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान मात्र चालवायला लागला.

हे शिकवणं वैद्यकच आहे. त्याला सहानुभूती पुरत नाही. मानेजवळच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या दुखापतीत मूत्राशय तुंबलं की अचानक डोकं ठणकतं, घाम फुटतो आणि रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढतो. अशा वेळी रुग्णाला बसतं करायचं आणि आधी लघवी मोकळी करायची. हे माहीत नसलेला डॉक्टर रक्तदाबाचं औषध देत राहतो आणि मूळ कारण तसंच राहतं. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बैठक उचलायची, रात्री आरशात कंबर पाहायची. लग्न, मूल, शरीरसंबंध यांवर न लाजता बोलायचं. रुग्ण विचारत नाहीत म्हणून त्यांना ते प्रश्न नसतात, असं नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आणि १९८४ पासूनचं त्यांचं अपंगांसाठीचं काम ज्यांना माहीत आहे, त्यांना खुर्चीवरच्या आयुष्याची व्याप्ती वेगळी समजवावी लागत नाही.

पक्षाघातावर प्रत्येक दिवाळी अंकात काहीतरी येतंच, म्हणून तीनच गोष्टी. लुळ्या बाजूचा हात ओढून रुग्णाला कधीही उठवू नका, खांदा निखळतो. घट्ट आवळलेल्या मुठीत दाबायला स्पंजचा चेंडू देऊ नका, मूठ आणखी आवळते. आणि आडवं पडलेल्याला घोटभर पाणी पाजू नका, ते फुप्फुसात जातं. आता ज्याच्यापासून सुरुवात केली त्या पोलिओबद्दल. त्याचा शेवटचा रुग्ण भारतात १३ जानेवारी २०११ ला सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. तेव्हा आमचा विषय संपला, असं काही जणांना वाटलं. त्या साथींमधली मुलं आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांच्या पायांतली उरलीसुरली ताकद पुन्हा ओसरते आहे. त्यांच्या पायांना आधार देणारे कॅलिपर बनवणारे कारागीर मात्र एकेक करून निवृत्त झाले. चामडं, लोखंड आणि माणसाचा पाय तिन्ही कळणारे ते हात पुन्हा मिळणार नाहीत.

शाखेच्या आजच्या अवस्थेबद्दल स्पष्ट बोलते. तरुण सहकारी वेदनांच्या इंजेक्शनांकडे आणि खेळाडूंच्या गुडघ्यांकडे वळले आहेत. ‘काळाबरोबर चला’ असं आमच्यातलेच काही ज्येष्ठ त्यांना सांगतात. त्या कामाला माझा विरोध नाही. पण लुळ्या माणसाचा वॉर्ड कुणी चालवायचा, याचं उत्तर त्यांनी द्यावं. नेतृत्व डॉक्टरांचं की फिजिओथेरपिस्टचं, या भांडणात आयुष्यं गेली. मी ज्या वॉर्डात वाढले तिथे आठवड्याच्या राउंडला फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, वाचातज्ज्ञ, कृत्रिम अवयवांचे तंत्रज्ञ, सिस्टर आणि समाजसेविका एकाच पलंगाभोवती उभे राहत आणि ज्याला त्या रुग्णाबद्दल जास्त माहीत असे, त्याचं ऐकलं जाई. नवी खासगी केंद्रं चालवणारे रोबो दाखवतात. रोबो कूस बदलत नाही. स्टेम सेलच्या नावाखाली जमिनी विकायला लावणाऱ्यांबद्दल तर मला संताप आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीसाठी संशोधनाच्या चौकटीबाहेर ते देऊ नये, असं आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये लिहिलेलं आहे.

कायदा झाला, २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पुनर्वसन हा आरोग्यसेवेचाच भाग मानावा, असा ठराव केला. त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या निकषांत वैद्यकीय महाविद्यालयांना बंधनकारक असलेल्या विभागांतून पीएमआर वगळलं गेलं. यापुढे शिकून बाहेर पडणाऱ्या अनेक डॉक्टरांनी हा विभाग विद्यार्थिदशेत पाहिलेलाच नसेल. सायकली आणि कुबड्या वाटपाची शिबिरं चालू राहतील, फोटो छापून येतील. मापाशिवाय वाटलेली चाकाची खुर्ची वर्षभरात जखमा देते.

म्हणून वाचकांना विनंती आहे. घरातलं कुणी मणक्याच्या, मेंदूच्या किंवा पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात असेल, तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी विचारा: लघवीची व्यवस्था कशी करायची आणि ती आम्हाला कोण शिकवणार? कूस किती वेळाने बदलायची? सांधे आखडू नयेत म्हणून आजपासून काय करायचं? पुढची तपासणी कोणत्या पीएमआर विभागात? ‘घरी नेऊन मालिश करा’ असं उत्तर मिळालं तर घरी नेऊ नका. दुसरीकडे विचारा, आणि लेखी उत्तर मागा.