एका क्रमांकाने उलगडलेला विमानाचा इतिहास

वाराणसीच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात एक जुने लढाऊ विमान अनेक वर्षे उघड्यावर उभे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी म्हणून ते विश्वविद्यालयाला मिळाले होते. पुढे त्याचा उपयोग संपला आणि ऊन-पावसात ते झिजत राहिले. जुन्या रोल्स-रॉइस मोटारींच्या शोधात भारतात आलेले ब्रिटिश संग्राहक पीटर व्हॅचर यांच्या दृष्टीस ते १९८२ साली पडले. विमान 'हॉकर हरिकेन' जातीचे आहे, हे जाणकाराला पाहताक्षणी कळण्यासारखे होते. प्रश्न वेगळाच होता. कारखान्यांतून बाहेर पडलेल्या १४ हजारांहून अधिक हरिकेनांपैकी हे नेमके कोणते?

जुन्या विमानाचे कूळ शोधण्याची एक रीत ठरलेली आहे. बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही, कारण तो वारंवार बदलला जातो. खरा पुरावा आत असतो. कारखान्याने बसवलेली धातूची पट्टी आणि सांगाड्याच्या सुट्या भागांवर ठोकलेले आकडे आधी वाचावे लागतात. मात्र युद्धकाळात एका विमानाचे पंख दुसऱ्याला बसवले जात, त्यामुळे एकाच आकड्यावर भिस्त ठेवून चालत नाही. मिळालेला क्रमांक मग कागदांशी ताडून पाहावा लागतो. रॉयल एअर फोर्समध्ये प्रत्येक विमानाच्या बदल्यांची नोंद करणारे कार्ड असे, प्रत्येक स्क्वाड्रनची रोजनिशी असे आणि वैमानिकाची उड्डाणवही असे. या तिन्ही नोंदी जुळल्या की विमानाची ओळख पक्की होते.

बनारसच्या विमानाचा क्रमांक निघाला आर ४११८. हे विमान १९४० साली 'बॅटल ऑफ ब्रिटन'च्या धुमश्चक्रीत लंडनजवळच्या क्रॉयडन तळावरून ६०५ स्क्वाड्रनकडून लढले होते. त्याच्या नावावर ४९ युद्धमोहिमा होत्या आणि पाच शत्रुविमाने पाडण्यात त्याचा वाटा होता. नंतर ते प्रशिक्षणासाठी वापरले गेले आणि १९४३च्या अखेरीस जहाजाने भारताकडे रवाना झाले. दीर्घ पाठपुराव्यानंतर २००१ मध्ये ते ब्रिटनला परत गेले. तेथे त्याची पुनर्बांधणी झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये त्याने पुन्हा आकाशात झेप घेतली. १९४० मध्ये ते चालवणारे वैमानिक बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते.

येथे एक शंका रास्त आहे. लाकूड नवे, कापड नवे, झिजलेले सुटे भागही नवे. मग विमान जुने कसे? काही विमाने तर जुन्या पट्टीभोवती जवळजवळ संपूर्ण नव्याने उभारली जातात. म्हणूनच मूळ सांगाडा किती उरला आहे, याला महत्त्व येते. बनारसचे विमान बरेचसे अभंग होते, हे त्याचे वैशिष्ट्य.

कागदांची साथ नसेल तर काय होते, हे म्यानमारने दाखवून दिले. १९४५ साली ब्रिटिशांनी तेथे खोक्यांत बंद असलेली स्पिटफायर विमाने जमिनीत पुरली, अशी आख्यायिका होती. जानेवारी २०१३ मध्ये यांगूनच्या मिंगलाडोन विमानतळावर त्यासाठी उत्खनन झाले. एकही विमान सापडले नाही, आणि विमाने पुरल्याला जुन्या दफ्तरातही आधार मिळाला नाही.

दिल्लीत पालमच्या वायुदल संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही विमाने जपलेली आहेत. मात्र संग्रहालयाबाहेर, एखाद्या संस्थेच्या आवारात किंवा चौकात उभ्या असलेल्या जुन्या विमानाकडे कोणी असे बारकाईने पाहत नाही. रंगाचा नवा हात देण्यापूर्वी त्याच्या पट्ट्या आणि आकडे टिपून, त्यांची छायाचित्रे काढून ठेवण्यास खर्च जवळजवळ शून्य येतो. ते न केल्यास विमान उरते, पण त्याचा इतिहास पुसला जातो. बनारसमध्ये तो वाचला, कारण कोणीतरी थांबून आकडा वाचला.