अक्षरे पसरट दिसतात? मॉनिटर बदलण्यापूर्वी एवढे पाहा

मुलांच्या अभ्यासासाठी घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला की आपल्याकडे बहुतेक घरांत एकच हिशेब होतो. सीपीयू जरा बरा घ्यायचा आणि मॉनिटर वापरलेला चालवून घ्यायचा. ऑफिसांतून निघालेले साडेअठरा इंचांचे मॉनिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत, तालुक्याच्या गावी दुरुस्तीच्या दुकानात सहज मिळतात. हिशेब वाईट नाही. पण घरी आणून जोडला की चित्र येते आणि तरी काहीतरी बिनसलेले वाटते. गोल चेहरा रुंद होतो, अक्षरे पसरतात, कडा पुसट होतात. मग कोणीतरी सांगतो, "मॉनिटर गेला, नवीन घ्या."

इंग्रजी किंवा मराठी वाचणारा असल्या पडद्यावर निभावून नेतो. उर्दू माध्यमातल्या मुलाचे तसे होत नाही. 'बे'ला खाली एक नुक्ता, 'पे'ला तीन, 'ते'ला वर दोन, 'से'ला वर तीन. पुसट पडद्यावर दोन नुक्त्यांची एक आडवी रेघ होते आणि तिनांचा ठिपका. घरबसल्या कुरआन शिकणाऱ्या मुलांची अडचण त्याहून मोठी आहे. उस्ताद पलीकडून पान दाखवतात आणि इकडे जेर, जबर, तश्दीद अक्षराला चिकटून बसतात. मूल अडखळते, उस्तादांना वाटते सबक पाठ नाही, अम्मीला वाटते डोळे तपासायला हवेत. डोळे जरूर तपासावेत, पण त्याआधी पडदा तपासावा. त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या कडेला बटणे असतात. त्यातले मेनूचे बटण दाबा. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट लिहिलेली छोटी चौकट पडद्यावर येईल. ही चौकट कॉम्प्युटर पाठवत नाही, ती मॉनिटर स्वतः काढतो. चौकटीतली अक्षरे कोरीव दिसत असतील आणि तिच्या मागचे चित्र पुसट असेल, तर मॉनिटरचा पडदा चांगला आहे. दोष कॉम्प्युटर, केबल आणि मॉनिटर यांच्यातल्या बोलण्यात आहे. चौकटसुद्धा पुसट असेल किंवा तिच्यावरूनही रेघ जात असेल, तरच दोष मॉनिटरच्या आत आहे.

आता हे बोलणे कसे चालते ते पाहू. सपाट पडद्यावर ठिपके मोजून बसवलेले असतात. त्या साडेअठरा इंची मॉनिटरमध्ये बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८. हेच त्याचे मूळ रिझोल्यूशन. कॉम्प्युटरने तेवढेच ठिपके पाठवले तर एकास एक बसतात आणि अक्षर स्वच्छ येते. कॉम्प्युटरने १०२४ बाय ७६८ पाठवले तर उंची बरोबर जुळते, पण १०२४ ठिपके १३६६ जागांवर ताणून बसवावे लागतात. म्हणजे चित्र रुंदीत एक तृतीयांशाने फुगते. अक्षरे पसरट का दिसतात आणि उंच का दिसत नाहीत, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

मग कॉम्प्युटर चुकीचे आकडे का पाठवतो? प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याची ओळखचिठ्ठी असते. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ चिठ्ठी फक्त १२८ बाइटची, पण तिच्यात मॉनिटर कोणाचा, मूळ रिझोल्यूशन किती, सेकंदाला किती चित्रे घेऊ शकतो, हे सारे लिहिलेले असते. केबल जोडली की कॉम्प्युटर ती वाचतो. जुन्या निळ्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिना असतात आणि ही चिठ्ठी १२ व १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. पिन वाकलेली असेल, किंवा स्वस्त केबलमध्ये त्या तारा घातलेल्याच नसतील, तर रंगीत चित्र व्यवस्थित येते पण चिठ्ठी पोहोचत नाही. कॉम्प्युटर मग अनोळखी पाहुण्याला द्यावे तसे सावध काहीतरी पुढे करतो. १०२४ बाय ७६८ त्यातूनच येते.

हल्लीच्या छोट्या कॉम्प्युटरांना फक्त एचडीएमआय असते आणि जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए. मध्ये कन्व्हर्टर लावावा लागतो. काही स्वस्त कन्व्हर्टर मॉनिटरची चिठ्ठी पुढे देतच नाहीत, स्वतःचीच देतात. कॉम्प्युटर १९२० बाय १०८० पाठवू लागतो. मॉनिटर ते दाबून बसवतो आणि अक्षरे बारीक व भुरकट होतात, नाहीतर पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' अशी पाटी येते. ही पाटी पाहून घाबरायचे कारण नाही. आजचा मॉनिटर न झेपणारे चित्र नाकारतो, जळत नाही. काचेच्या जुन्या जाड मॉनिटरांना मात्र झेपत नसलेली गती दिली तर खरोखर इजा होऊ शकत असे. वडीलधाऱ्यांची भीती तिथून आलेली आहे.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी दुसरी केबल लावून पाहा. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर आहे का ते पाहा. नवीन विंडोज टाकून दिलेल्या कॉम्प्युटरमध्ये तो बऱ्याचदा राहून गेलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' असे नाव दिसले तर तो घातलेला नाही, आणि तो घालेपर्यंत बाकी खटपट व्यर्थ. दोन्ही ठीक असतील तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले उघडून यादीतले मूळ रिझोल्यूशन निवडा. व्हीजीए असेल तर शेवटी मॉनिटरवरचे 'ऑटो' बटण दाबा. दहापैकी बहुतेक घरांचे काम इथेच संपते.

उरलेल्यांचे का संपत नाही, त्यात एक गमतीची गोष्ट आहे. १३६६ ला ८ ने भागा. भाग जात नाही. मॉनिटरच्या मापांचे जुने नियम रुंदी आठाच्या पटीत धरतात. ओळखचिठ्ठीतल्या ठराविक मापांच्या रकान्यांत रुंदी आठाने भागूनच लिहिली जाते, त्यामुळे १३६६ तिथे लिहिताच येत नाही. ते वेगळ्या, सविस्तर रकान्यात लिहावे लागते. तो रकाना वाचला गेला नाही तर यादीत १३६० बाय ७६८ दिसते किंवा १३६८ बाय ७६८, पण १३६६ नाही. फरक सहा किंवा दोन ठिपक्यांचा, पण तो सगळ्या ओळीवर वाटला जातो आणि प्रत्येक अक्षराच्या कुठल्या ना कुठल्या कडेला धूसरपणा येतो. बाजारात सर्वांत जास्त फिरणारा मॉनिटर आणि नेमके त्याचेच माप नियमात न बसणारे!

इथे हाताने रिझोल्यूशन बनवावे लागते. त्याला कस्टम रिझोल्यूशन म्हणतात. इंटेल, एनव्हिडिया आणि एएमडी या तिघांच्या ग्राफिक्स प्रोग्राममध्ये त्याची सोय असते, अगदी जुन्या ड्रायव्हरमध्ये नसेल एवढेच. रुंदी १३६६, उंची ७६८, रिफ्रेश रेट ६० असे भरायचे, टायमिंगच्या जागी 'ऑटो' राहू द्यायचे आणि 'टेस्ट' करायचे. पडदा क्षणभर काळा होतो. चित्र आले तर ठेवायचे.

चित्र आले नाही तर हात मांडीवर ठेवून बसायचे. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण याच वेळी घाईने काहीतरी दाबले जाते. रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट बदलला की विंडोज 'हे ठेवायचे का' असे विचारते आणि १५ सेकंदांत उत्तर मिळाले नाही तर आपणहून जुन्यावर परत येते. काळ्या पडद्यावर अंदाजाने एंटर दाबले तर ते उत्तर 'हो' ठरू शकते. तसे झालेच, तर कॉम्प्युटर घरातल्या टीव्हीला किंवा शेजारच्या दुसऱ्या मॉनिटरला जोडा. तिथे चित्र दिसले की बनवलेले रिझोल्यूशन काढून टाका. दुसरा पडदाच नसेल तर सेफ मोडमध्ये कॉम्प्युटर साध्या मापावर सुरू होतो. परतीची वाट ठाऊक असल्याशिवाय कस्टम रिझोल्यूशनला हात लावू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे.

रिफ्रेश रेट म्हणजे सेकंदाला पडदा किती वेळा नवे चित्र घेतो ते. मोजायचे हर्ट्झमध्ये. त्याबद्दल घरोघरी दोन समज आहेत. पहिला, ६० पेक्षा ७५ हर्ट्झ डोळ्यांना बरे. काचेच्या मॉनिटरबाबत ते खरे होते, कारण तिथे प्रत्येक चित्रामागे पडदा उजळून मंद होत असे आणि ६० ला लुकलुक जाणवे. आजच्या पडद्यात चित्र पुढचे येईपर्यंत टिकून राहते आणि मागचा उजेड वेगळा असतो. ब्राइटनेस कमी केल्यावर लुकलुक जाणवत असेल तर ती त्या मागच्या दिव्याची असू शकते, आणि हर्ट्झ वाढवून ती जात नाही. वाचण्या-लिहिण्याच्या अभ्यासाला ६० पुरते. दुसरी काळजी, यादीत ६० ऐवजी ५९ दिसते. तो बिघाड नव्हे. अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीचे नियम ठरले तेव्हा ६० चे ५९.९४ करावे लागले. तो आकडा अजून टिकून आहे आणि विंडोज त्याला ५९ लिहिते.

गेम खेळणाऱ्या मुलाने हट्टाने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घ्यायला लावला आणि तो मुकाट्याने ६० वर चालतो आहे, असेही पुष्कळदा आढळते. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रेट निवडावा लागतो, तो आपोआप चढतोच असे नाही. यादीतच १४४ नसेल तर बहुधा केबल किंवा पोर्ट आडवा येतो. हिशेब सोपा आहे. १९२० बाय १०८० च्या चित्रात प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चित्राच्या शेवटी थोडी मोकळी जागा सोडलेली असते. ती धरून टीव्हीच्या मापाने २२०० बाय ११२५ होतात. गुणिले ६०, म्हणजे सेकंदाला १४ कोटी ८५ लाख ठिपके. सुरुवातीच्या एचडीएमआयची आणि साध्या डीव्हीआयची मर्यादा साडेसोळा कोटी. २००६ च्या एचडीएमआय १.३ मध्ये ती ३४ कोटी झाली, २०१३ च्या २.० मध्ये ६० कोटी. फोर-के टीव्हीला ६० हर्ट्झसाठी ५९ कोटी ४० लाख लागतात. म्हणून जुन्या लॅपटॉपवरून तो टीव्ही ३० वरच चालतो आणि माउस अडखळत सरकतो. तिथे कस्टम रिझोल्यूशन बनवून काही मिळत नाही. अरुंद नळीतून जास्त पाणी मागण्यासारखे आहे ते. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर ती केबल लावावी. साठाच्या मॉनिटरला ओढून ताणून ७५ वर नेण्याचा नाद मात्र सोडलेला बरा. कित्येकदा मॉनिटर ७५ चित्रे घेतो आणि त्यातली काही गाळून टाकतो, दाखवतो साठच.

मस्जिदीतल्या टीव्हीबद्दलही लिहायला हवे. नमाजच्या वेळा दाखवायला आता अनेक ठिकाणी भिंतीवर टीव्ही आणि मागे छोटा कॉम्प्युटर असतो. पुष्कळदा तक्त्याच्या कडा कापल्या जातात. वर तारीख अर्धी, खाली इशाची किंवा जुम्याची ओळ गायब. रमजानमध्ये सेहरीची वेळ त्याच ओळीत असली तर केवढी अडचण! काच-टीव्हीच्या काळात कडा झाकण्यासाठी चित्र थोडे मोठे करून दाखवत. सपाट टीव्हींतही ती सवय उरली आहे. अशा वेळी कोणी होतकरू तरुण कस्टम रिझोल्यूशन बनवून चित्र लहान करतो. ओळ दिसू लागते, पण टीव्ही ते पुन्हा ताणतो आणि मागच्या सफेतून ६ आणि ८ यांतला फरक कळेनासा होतो. इलाज टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा अशाच नावाचा पर्याय शोधा. काही टीव्हींत त्या एचडीएमआय पोर्टचे नाव बदलून 'पीसी' केले की काम होते. कॉम्प्युटर १९२० बाय १०८० वरच राहू द्या.

वापरलेला मॉनिटर घ्यायला जाताना आपली केबल आणि शक्य तर लॅपटॉप सोबत न्या. दुकानदार लावून दाखवतो ते बहुधा सिनेमाचे हलते चित्र, त्यात पुसटपणा लपतो. आपण कुरआनचे किंवा उर्दूच्या पाठ्यपुस्तकाचे पान उघडा, मूळ रिझोल्यूशन निवडा आणि नुक्ते मोजा. मग मेनूचे बटण दाबून ती चौकट पाहा. चौकटीवरूनही उभी रेघ जात असेल तर भाव करू नका, परत या.